बस्ता सोडण्याआधी

२०२३ साली जालना जिल्ह्यात एक गोष्ट घडली. तिची बातमी झाली, राजकारणही झालं. इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र तिच्याकडे हवं तितकं लक्ष दिलं नाही. २९ ऑगस्टला अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, आणि पुढे निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मग मराठवाडाभर कचेऱ्यांमधले जुने बस्ते सुटू लागले. मोडीतली पत्रकं, उर्दूतल्या नोंदी, कडा झिजलेले खासरे. शाळेत इतिहासाचा तास जांभया देत काढलेली माणसं पणजोबांच्या नावापुढे कारकुनाने काय लिहून ठेवलंय ते विचारू लागली. मोडी येणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि उर्दू वाचणाऱ्या निवृत्त मास्तरांना एकदम भाव आला. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयामुळे ‘हैदराबाद गॅझेटियर’ हे नाव चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येऊ लागलं.

त्या मागणीच्या बाजूने असा किंवा विरोधात, या लेखनाला त्याने फरक पडत नाही. मला दिसतं ते एवढंच, की या जिल्ह्यातल्या हजारो माणसांनी त्या दिवसांत इतिहासकाराचं काम केलं: कागद शोधला, वाचून घेतला, त्याचा अर्थ लावला, त्यावर भांडण केलं. आणि ते केलं एका चळवळीच्या पोटातून. ज्या अभ्यासक्षेत्राची ही प्रस्तावना आहे त्याच्या उंबऱ्याच्या आत तुम्ही न कळत पाय टाकलेलाच आहे. चळवळीतून जन्मलेला इतिहास आणि तो लिहिणारा कार्यकर्ता इतिहासकार, असं या क्षेत्राचं साधं वर्णन करता येईल. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वाचक आहे तो भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातला. कॉलेजला तालुक्याला जाणारा किंवा जाणारी, घरी मिरचीचं रान असलेला, आणि ‘आपल्या गावाला कसला इतिहास?’ असं मनात कुठेतरी धरून बसलेला.

प्रस्तावना या प्रकाराला मराठीत मोठी परंपरा आहे. नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’साठी लिहिलेलं लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून छापलं गेलं आणि कित्येकांनी कादंबरीच्या आधी तेच पुन्हापुन्हा वाचलं. माझी तेवढी ऐपत नाही. मी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे आणि त्या गोष्टीच्या आधाराने हे क्षेत्र कसं चालतं, त्यात काय सांभाळावं लागतं, ते दाखवणार आहे.

तो माणूस म्हणजे कॉम्रेड शरद पाटील. चळवळीतले लोक त्यांना ‘शपा’ म्हणतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेखालचा घाट उतरला की खानदेश लागतो. तिथे, धुळे जिल्ह्यातल्या कापडणे गावी, १७ सप्टेंबर १९२५ ला त्यांचा जन्म झाला. मुक्तिसंग्राम दिनाची ही तारीख मराठवाड्यातल्या कुणालाही लक्षात ठेवायला सांगावी लागू नये. शेतकऱ्याचं घर, सत्यशोधकी वळण. पोराच्या हातात कला होती. तो चित्रकला शिकायला बाहेर पडला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत पोचला. पण १९४५ च्या सुमाराला मुंबईत आलेल्या तरुणाला कुंचला धरून बसणं अवघड होतं. शिक्षण सुटलं, कम्युनिस्ट पक्ष मिळाला. पुढे धुळ्याला परत येऊन कामगारांच्या संघटना, मग आदिवासींमध्ये काम, जंगलातल्या जमिनीचा प्रश्न. १९६४ साली पक्ष फुटला तेव्हा ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले.

इथवरची गोष्ट त्या पिढीतल्या अनेक कार्यकर्त्यांची असू शकते. वेगळी होते ती पुढे. आदिवासी आणि दलित शेतमजुरांत काम करताना पाटलांना सतत एक गोष्ट बोचत राहिली. पक्षाच्या भाषेत सगळे ‘शेतमजूर’ होते. गावात मात्र कुणी महार होता, कुणी भिल्ल, कुणी पावरा, आणि कामाची वाटणी, पाण्याची जागा, बसायची पायरी त्यावरून ठरत होती. संप पुकारला की वर्ग दिसायचा, संप संपला की जात. मग जात म्हणजे नेमकं काय? अर्थव्यवस्थेच्या पायावर उभी असलेली वरची इमारत, की पायाच? हा प्रश्न त्यांना ग्रंथालयात बसून पडलेला नव्हता, आणि उत्तर पक्षाच्या पुस्तकांत सापडेना.

अशा वेळी पुष्कळ कार्यकर्ते घोषणा बदलतात. पाटील संस्कृत शिकायला बसले. चाळिशी गाठलेला, पोलीस आणि जमीनदार यांच्याशी झुंजलेला माणूस पाणिनीचं व्याकरण शिकतो, कारण वर्ण, दास, शूद्र, गण या शब्दांचे जुने अर्थ त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहेत. त्यांच्या चरित्रात ही जागा मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या भाषेने शूद्राला दूर ठेवलं त्याच भाषेचं हत्यार हातात घ्यायचं, आणि ते भाड्याने न आणता स्वतः परजायचं. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबलेला इतिहास त्यांना नको होता.

१९७८ साली जातीच्या प्रश्नावरून त्यांनी पक्ष सोडला आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. नावातच दोन घराणी एकत्र आणली: जोतीरावांचं आणि मार्क्सचं. पुढे त्यात बाबासाहेबांचंही नाव जोडून ‘मार्क्स-फुले-आंबेडकरवाद’ असं ते म्हणत. ‘सत्यशोधक मार्क्सवादी’ हे मासिक त्यांनी चालवलं. १९८२ साली त्यांचं ‘दास-शूद्र स्लेव्हरी’ इंग्रजीत आलं. मराठी वाचक ते ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ म्हणून ओळखतो. नावातली ‘गुलामगिरी’ कुठून आली हे सांगायला नको. नंतर ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’, आणि १९९२ च्या पेटलेल्या काळात शिवाजी महाराजांच्या स्वराज्याचे खरे शत्रू कोण, असा थेट प्रश्न शीर्षकातच विचारणारं पुस्तक. १२ एप्रिल २०१४ ला धुळ्यात त्यांचं निधन झालं. विद्यापीठाची खुर्ची त्यांच्या वाट्याला आली नाही, आणि त्यांनी ती मागितल्याचंही दिसत नाही.

त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं. भारतातला शोषणाचा इतिहास युरोपच्या साच्यात ओतता येत नाही. इथे आधी वर्णाची दास्यव्यवस्था होती, मग जातीची सामंतशाही आली. वर्ग हा इंग्रजी अमलात रुजला, तोही जातीला न उखडता तिच्या शेजारी. म्हणून इथल्या क्रांतीला जात आणि वर्ग दोन्हींशी लढावं लागेल. आणि इतिहासात जात, वर्ग, स्त्री असे अनेक प्रवाह एकाच वेळी वाहत असतील, तर इतिहासलेखनही बहुप्रवाही हवं. ‘बहुप्रवाही’ हा शब्द आज सेमिनारांत सहज येतो. पाटलांनी तो वापरला तेव्हा तो पक्षातून बाहेर पडण्याच्या किमतीला आला होता.

आता एक आडवळण घेतो, कारण या क्षेत्राची वंशावळ त्याच वाटेवर सापडते. पाटलांच्या धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ ला इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे वारले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढण्यासाठी गावोगाव पायपीट करून त्यांनी कागद गोळा केले, पहिला खंड १८९८ चा. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करणाऱ्यांतही तेच. राजवाड्यांच्या कामाची ताकद आणि त्यांचा जातीचा अभिमान, दोन्ही वाचकाने एकाच नजरेत ठेवावे लागतात. कायस्थांविषयी त्यांनी जे लिहिलं त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ने उत्तर दिलं, तेही एका कार्यकर्त्याचंच इतिहासलेखन. पण याच राजवाड्यांनी भारतीय विवाहसंस्थेवर लिहिताना जुन्या शब्दांची साल काढत, व्याकरणातून प्राचीन कुटुंबापर्यंत पोचण्याचा धाडसी प्रयत्न केला आणि सनातन्यांची झोप उडवली.

तो धागा पुढे कॉम्रेड डांग्यांनी उचलला. १९४९ साली आलेल्या त्यांच्या प्राचीन भारतावरच्या इंग्रजी पुस्तकावर राजवाड्यांची छाया स्पष्ट आहे. त्या पुस्तकाचा समाचार घेतला तो दुसऱ्या मार्क्सवाद्याने, दामोदर धर्मानंद कोसंबींनी. कोसंबी मूळचे गोव्याचे, पेशाने गणिती, जागतिक शांतता चळवळीतले, आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून देवतांची ठाणी, दगडी हत्यारं, जुन्या वाटा नोंदवणारे. डांगे आपल्या बाजूचे आहेत म्हणून त्यांचा पुरावा चालवून घ्यायचा, हे कोसंबींना मान्य नव्हतं. त्यांनी ते पुस्तक निर्दयपणे तपासलं.

हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. कार्यकर्त्याच्या इतिहासावर ‘हा तर प्रचार’ असा शेरा मारून मोकळे होणारे प्राध्यापक आपल्याकडे कमी नाहीत, आणि ‘आपल्या माणसाने लिहिलंय ना, मग बरोबरच’ म्हणणारे कार्यकर्ते त्याहून जास्त. या दोघांच्याही वाटेत कोसंबींचं ते परीक्षण आडवं पडलेलं आहे. चळवळ प्रश्न देते. असा प्रश्न देते की जो कचेरीत बसून शंभर वर्षांत सुचला नसता. पण उत्तर तपासताना चळवळीच्या माणसाला गुण वाढवून मिळत नाहीत.

पाटलांनाही ते मिळू नयेत. माझं मत स्पष्ट सांगतो: त्यांच्या शब्दव्युत्पत्तींपैकी काही मला पटत नाहीत. वेदातल्या निर्ऋती या देवतेत त्यांनी प्राचीन स्त्रीसत्तेची खूण पाहिली, गणांच्या मागे स्त्रियांचं राज्य पाहिलं. व्याकरणाच्या एका सूत्रावर समाजाचा एवढा मोठा मजला चढवायचा, तर खाली दुसरे खांब हवेत: उत्खननातले, कोरीव लेखांतले. ते त्यांच्याकडे पुरेसे नाहीत. त्यांची वाक्यंही सरळ चालत नाहीत. एकेका परिच्छेदात चार वाद एकाच वेळी चालू असतात आणि वाचकाला आपण चुकून दुसऱ्यांच्या भांडणात शिरलो की काय असं वाटतं. तरी वाचा. मीही ते पुस्तक दोनदा अर्ध्यावर ठेवून तिसऱ्यांदा पूर्ण केलं. त्यांचा निष्कर्ष नाकारूनही त्यांचा प्रश्न नाकारता येत नाही, हे तोवर कळलेलं असतं.

तो प्रश्न पिंपळगावात कसा दिसेल ते पाहू. गावाच्या नावातच देवी आहे. रेणुकाई. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरची ती रेणुका, कर्नाटकात यल्लम्मा, पुराणात परशुरामाची आई आणि मुलाकडून शिरच्छेद झालेली बाई. रामचंद्र चिंतामण ढेऱ्यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’त या मातृदेवतांचा माग काढताना रेणुकेपाशी पुष्कळ वेळ घालवला. ढेरे चळवळीतले नव्हते, कोसंबी होते, पाटील तर पूर्णवेळ होते. तिघेही त्याच देवीपाशी येऊन थांबतात आणि प्रत्येकाला ती वेगळी दिसते. ढेऱ्यांना तिच्यात माती दिसते आणि तिची सर्जनशक्ती. कोसंबी ठाण्याची जागा पाहतात, जवळून कोणती जुनी वाट जाते ते विचारतात. पाटील विचारतील की आईचा गळा कापायला सांगणारी व्यवस्था आली कधी, आणि तिच्याआधी काय होतं. गावातली आराधीण जोगवा मागताना जे म्हणते ते चौथं. ते अजून कुणी नीट लिहून घेतलेलं नाही. लिहून घ्यायला गेलात तर वहीबरोबर संयम न्या. पहिल्या दिवशी ती तुम्हाला ऐकवेल ते सगळ्यांना ऐकवायचं असतं.

१९७८ हे साल पाटलांच्या आयुष्यात पक्ष सोडण्याचं. मराठवाड्यात ते उच्चारलं की दुसरंच आठवतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि पुढच्या दिवसांत खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. नाव मिळालं ते १४ जानेवारी १९९४ ला, तेही विस्तारित रूपात. त्या साडेपंधरा वर्षांचा इतिहास पेपरच्या कात्रणांत आहे, पोलिसांच्या नोंदींत आहे, आणि फार मोठ्या प्रमाणात अजून फक्त माणसांच्या तोंडी आहे. ज्याचं घर जळालं त्याचा नातू आज तुमच्या वर्गात असू शकतो; ज्याच्या घरून काडी गेली त्याचाही. दोघांना एका बाकावर बसून हा इतिहास शिकता यावा, इतका तो नेमका लिहावा लागेल. गुळमुळीत लिहून ते जमणार नाही.

तोंडी साक्ष कशी गोळा करावी याचा मराठीतला उत्तम वस्तुपाठ दोन बायकांनी घालून दिला आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ चं. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या बायकांना शोधत त्या फिरल्या, घरोघर जाऊन बोलल्या, जुनी वृत्तपत्रं चाळली. शीर्षकातला ‘ही’ बघा. एका अक्षराने आधीच्या सगळ्या इतिहासकारांना प्रश्न विचारला आहे, आणि त्यांत चळवळीतले पुरुषही आले. तिकडे ठाण्यात गोदावरी परुळेकरांनी वारल्यांच्या उठावाबद्दल लिहिलं, इकडे कासेगावात गेल ऑम्व्हेट बर्कलेहून आणलेला सत्यशोधक चळवळीचा प्रबंध मागे ठेवून धरणग्रस्तांच्या आणि परित्यक्तांच्या मोर्चात चालल्या. कोल्हापूरच्या गोविंद पानसऱ्यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही छोटी पुस्तिका तर हातोहात लाखांनी खपली; २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या क्षेत्रात येणाऱ्याला हेही आधी माहीत असायला हवं.

मराठवाड्याचा मुख्य कार्यकर्ता-इतिहास म्हणजे हैदराबादचा मुक्तिसंग्राम. त्याची सुदैवी बाजू अशी की लढणाऱ्यांनीच तो लिहिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत. अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ आहे, आणि ज्याने लढा पाहिला व पुढे रोजचं वृत्तपत्र चालवलं अशा माणसाचा हात त्यात जाणवतो. भोकरदन, जाफराबाद हे निजामी मुलखाच्या सीमेवरचे तालुके. पलीकडे वऱ्हाड आणि खानदेश. रझाकारांच्या भीतीने सीमा ओलांडून गेलेल्यांच्या गोष्टी इथल्या घराघरांत आहेत. त्या लिहून घ्यायला आता फार थोडी वर्षं उरली आहेत. १९४८ ला दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीकडे झुकलंय.

पण याच विषयात एका वेगळ्या कार्यकर्ता इतिहासकाराला विसरू नका. पंडित सुंदरलाल. त्यांचं ‘भारत में अंग्रेजी राज’ १९२९ साली निघालं आणि इंग्रज सरकारने लगोलग जप्त केलं. इंग्रजांविरुद्ध लिहिण्याची किंमत मोजलेल्या या माणसाला १९४८ च्या अखेरीस दिल्लीने हैदराबाद संस्थानात पाठवलं. लष्करी कारवाई १३ ते १७ सप्टेंबरला आटोपली होती. तिच्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते पाहून अहवाल द्यायचा होता. समितीने रझाकारांचे अत्याचार नोंदवलेच. शिवाय कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाजही दिला, आणि सर्वांत वाईट जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं लिहिली. तो अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. शत्रूविरुद्ध लिहायला धाडस लागतंच. आपलं सैन्य जिंकल्यानंतर तीन महिन्यांत, आपल्याच सरकारसाठी हे लिहायला काय लागलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. आपल्या तालुक्यात १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं. त्या दिवशी भालेराव आणि सुंदरलाल दोन्ही टेबलावर असावेत.

आता जवळच्या, हाताशी असलेल्या सामग्रीविषयी. ‘आपल्या गावाला कसला इतिहास’ म्हणणाऱ्याने आधी तालुक्याच्या गावाचं जुनं नाव घ्यावं. भोकरदन म्हणजे भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. ती राजे नव्हती. दगडाच्या एका तुकड्याचा खर्च उचलून गावाचं नाव शेकडो मैल दूर कोरून ठेवणारी साधी माणसं. १९७३ च्या उत्खननाचा अहवाल शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी लिहिला. तिथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे, आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलं. केळणेच्या काठावरच्या या गावाचे धागे समुद्रापलीकडे गेले होते. ही गोष्ट तालुक्याच्या अभिमानासाठी वापरायची असेल तर खुशाल वापरा. मला मात्र विचारावंसं वाटतं की तो हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिराला संध्याकाळी काय मिळत होतं.

केळणेवरूनच दुसरी गोष्ट. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. इंग्रजी कागदांतली कैतना म्हणजे आपली केळणा, आणि जुआह म्हणजे जुई. वाटाड्यांनी सांगितलं की पुढे उतार नाही. वेलस्लीने पाहिलं की नदीच्या दोन्ही तीरांना समोरासमोर दोन गावं आहेत, आणि ताडलं की एवढी जवळ वसलेली गावं उताराशिवाय असूच शकत नाहीत. उतार निघाला, फौज ओलांडली, लढाई फिरली. इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली नि जखमी झाली. पुढे नेपोलियनला हरवणारा हा सेनापती म्हातारपणीही असईला आपली सर्वांत चांगली लढाई म्हणत असे. त्या दोन गावांपैकी एकाचं नाव कागदात ‘पीपलगाव’ असं पडलं आहे. लगेच छाती फुगवू नका. पिंपळाखाली वसलेली गावं या मुलखात गल्लोगल्ली आहेत, आणि पिंपळगाव रेणुकाई हेच ते असं नावावरून ठरवणं म्हणजे ज्या चुकीबद्दल मी पाटलांना बोललो तीच करणं. नकाशा घ्या, केळणेच्या काठाने चाला, समोर दुसरं गाव लागतं का बघा.

तिथे चालताना आणखी एक गोष्ट मनात राहू द्या. ‘उतार नाही’ म्हणणाऱ्या वाटाड्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं? रोज गुरं घेऊन नदी ओलांडणाऱ्या माणसांना? का ते खोटं बोलले, आणि तो त्यांचा त्या लढाईतला एकमेव वार होता? कागद इथे गप्प आहे. कार्यकर्ता इतिहासकार या गप्पपणापाशी थांबतो, हे त्याचं खरं कसब. थांबून त्यात हवं ते भरत नाही, ही त्याची परीक्षा.

सगळ्यात शेवटी बाजाराकडे येतो, कारण पिंपळगाव रेणुकाई दूरवर ओळखलं जातं ते मिरचीमुळे. हंगामात हिरव्या मिरचीच्या गोण्यांनी काटे भरून जातात आणि ट्रक परराज्यांकडे निघतात. या बाजाराचा इतिहास लिहायचा तर व्यापाऱ्यांच्या चोपड्या मिळतील, बाजारभावाची कात्रणं मिळतील, मिरचीवर घर बांधलेल्या शेतकऱ्याची यशकथा तर शेतीच्या पानांवर छापूनच येते. पाटील इथे आले असते तर त्यांनी आधी तोडणीवाल्या बायकांना गाठलं असतं. किलोवर मिळणारी मजुरी, दिवसभर ओणवं राहून आगीसारखी होणारी बोटं, हात लागू नयेत म्हणून तान्ह्याला पदराने धरणं, आणि कोणत्या वस्तीतली टोळी कोणाच्या रानात जाते याचा न लिहिलेला नियम. वर्ग, जात, बाईपण, तिन्ही एका सरीत ओणवी. ‘बहुप्रवाही’ हा जड शब्द समजायला याहून सोपी जागा मला माहीत नाही.

त्या बायकांशी बोलायला दुपारची सुट्टी बरी, भाकरी सोडतात तेव्हा. पहिल्यांदा मजुरी विचारू नका. मालक ऐकत असतो. माहेर कोणतं ते विचारा.